शेजारच्या घरात गन आहे, मुलाला तिकडे खेळायला पाठवायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डॅलसजवळ नव्यानेच राहायला आलात, मुलगा ७ वर्षांचा, मुलगी १४ ची. मुलाचा जिवलग मित्र चार घरं सोडून राहतो आणि त्याच्या बाबांकडे गन्स आहेत हे परवा बार्बेक्यूला गप्पांच्या ओघात कळलं, तेव्हापासून त्याला तिकडे पाठवायचं की नाही यावरून घरात वाद चाललाय. त्यात मिस्टर म्हणतात इथं सगळ्यांकडेच असते, आपणही एक घेऊन ठेवू. शाळेत लॉकडाऊन ड्रिल (गन घेऊन कुणी घुसलं तर काय करायचं याचा सराव) झालं की मुलीला रात्री झोप लागत नाही. आणि शेवटी वैतागून विचारलंय की एवढी मुलं मरतात तरी हे लोक एक साधा कायदा का करत नाहीत.

मी टेक्सासमध्येच मुलांची डॉक्टर आहे, आधी बरीच वर्षं लहान मुलांच्या इमर्जन्सीत होते, आता क्लिनिक बघते. वकील नाही, राजकारणातही नाही, पण गोळी लागलेली मुलं हाताखालून गेलीत आणि घरात गन असलेल्या भरपूर आईबापांशी बोलणं होतं, त्यावरून सांगते. लांबेल, चहा घेऊन बसा.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मागे एकच चित्र दिसतंय, की कुणीतरी अनोळखी माथेफिरू मोठी रायफल घेऊन शाळेत नाहीतर मॉलमध्ये घुसेल. हे चित्र काही उगाच डोक्यात आलेलं नाही. मे २०२२ मध्ये आपल्याच राज्यात युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, मे २०२३ मध्ये तुमच्या अगदी बाजूला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये ८ जण गेले, त्यात हैदराबादकडची एक तरुण इंजिनियर मुलगी होती. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकला ३२ जण मारले गेले त्यातही आपल्या मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती, तेव्हा मुंबईत कितीतरी घरांत पोरीला अमेरिकेला पाठवायचं की नाही याचा पुन्हा विचार झाला असेल. त्यामुळे भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण आकडे बघा. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसं मेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. खून साधारण १८ हजार. मास शूटिंगची व्याख्या कितीही सैल धरा, त्यातले मृत्यू एकूणच्या दोन टक्क्यांच्या आतच राहतात. आणि खुनांमध्येही बहुतेक वेळा हत्यार म्हणजे साधी हँडगन, टीव्हीवर दाखवतात ती एआर-१५ नव्हे, रायफलींचा वाटा अगदी थोडा. मरणारा आणि मारणारा बऱ्याच वेळा एकमेकांना ओळखणारे, त्यात नवरा-बायको आले, एका गल्लीतली पोरं आली. ह्यूस्टन, डॅलस, शिकागोच्या काही ठराविक वस्त्यांत तरुण काळी मुलं जेवढी मरतात त्याची बातमी राष्ट्रीय चॅनेलवर येतच नाही, आपल्या सबर्बमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. २०२० पासून या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण गन आहे, तोपर्यंत ते स्थान गाड्यांच्या अपघाताचं होतं.

म्हणजे तुम्ही दाराकडे डोळे लावून बसलाय आणि धोका आतल्या नाइटस्टँडच्या ड्रॉवरमध्ये आहे. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे: एखाद्याचा वाईट क्षण, मग तो रागाचा असो, निराशेचा असो, दारूचा असो की नुसता ७ वर्षांच्या पोराच्या कुतूहलाचा, आणि भरलेली गन, या दोघांत अंतर किती आहे त्यावर सगळं ठरतं. गन आहे की नाही हा त्यातला एक भाग झाला, पण ती हाताला लागायला किती वेळ लागतो हा मोठा भाग.

आता आधी शेजारी. टेक्सासमध्ये राहायचं आणि गन असलेल्या घरी मुलांना कधीच पाठवायचं नाही असं ठरवलंत तर मुलांना मित्रच राहणार नाहीत. अख्ख्या देशात दहातली साधारण चार माणसं गन असलेल्या घरात राहतात, इथं टेक्सासमध्ये तर त्याहून जास्तच धरा. आणि ते तुम्हाला सांगतील असंही नाही, या शेजाऱ्याने निदान बोलून तरी दाखवलं. म्हणून मी विचारते तो प्रश्न असा: तुमच्याकडे असतील तर ठेवता कशा? "आहेत का" असं विचारलं की माणूस लगेच ताठ होतो, त्याला वाटतं आली ही आता आमचं राजकारण काढायला, "ठेवता कशा" विचारलं की तोच माणूस कौतुकाने आपली सेफ दाखवायला नेतो.

फोनवर कसं विचारायचं याचीच सगळ्या आयांना लाज वाटते, त्यावर सोपा उपाय म्हणजे एकट्याने तोच प्रश्न विचारायचाच नाही, इतर चार प्रश्नांत घालून विचारायचा. मी स्वतःच्या मुलांच्या वेळी सरळ म्हणायचे, हाय, याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे बरं का, आणि कुत्रा आहे का तुमच्याकडे, पूलला कुंपण आहे ना, आणि गन्स असतील तर लॉक असतात ना, मी सगळ्यांनाच विचारते. शेवटचं वाक्य विसरू नका, त्याने समोरच्याचा इगो सांभाळला जातो. एकदाही कुणी भांडलं नाही. एकीला थोडा राग आला होता पण दुसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला की नवऱ्याला विचारलं तर एक गन ट्रकच्या कन्सोलमध्येच होती.

उत्तर काय येतं ते नीट ऐका. "हो, सेफमध्ये आहेत, गोळ्या वेगळ्या ठेवतो, कोड मला आणि बायकोलाच माहीत" असं आलं तर बिनधास्त पाठवा. "अहो काळजी नको, आमच्या मुलांना शिकवलंय, ती हात नाही लावत" असं आलं तर माझ्या मते पाठवू नका, त्या मुलालाच तुमच्याकडे बोलवा, वर्षभर तुमच्याच घरी खेळू देत, गोडीत सांगता येतं. यामागचं कारण सांगते. २००१ मध्ये अटलांटातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला होता. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना दोन-दोन तीन-तीनच्या गटाने एका तपासणीच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवलं, आरशामागून बघत होते, आणि ड्रॉवरमध्ये दोन पाण्याच्या पिस्तुलांबरोबर एक खरी हँडगन ठेवली होती, अर्थात निकामी केलेली. २९ गटांपैकी २१ गटांना ती सापडली, त्यातल्या १६ गटांनी ती हातात घेऊन खेळवली, १० गटांत कुणीतरी ट्रिगर दाबला. आणि ज्यांनी हात लावला त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना गनबद्दल आधी समजावून सांगितलेलं होतं. आपलं पोर शहाणं आहे यावर आईबापांचा जो विश्वास असतो ना, त्याला माझ्या मते काडीचा आधार नाही. दुसऱ्या एका अभ्यासात आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं, तर "आमच्या मुलाला गन कुठे ठेवलीय ते माहीतच नाही" म्हणणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांच्या मुलांनी जागा बरोब्बर सांगितली.

आणखी एक गोष्ट, ही शेजाऱ्याशी बोलताना कामाला येईल. खूप लोकांना वाटतं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून ठेवलं म्हणजे गन रिकामी झाली. होत नाही. एक गोळी नळीच्या मागच्या चेंबरमध्ये आधीच चढलेली असू शकते, आणि बहुतेक पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती गोळी सोडतात. चिमुरड्याच्या बोटात ताकद नसते हाही गैरसमज, तीन वर्षांचं पोर गन उलटी धरून दोन्ही अंगठ्यांनी ट्रिगर ढकलू शकतं आणि उलटी धरली की नळी कुणाकडे असते हे तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. कपाटाच्या वरच्या फळीवर, बुटांच्या खोक्यात, आईच्या पर्समध्ये, ट्रकच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवणं याला लपवणं म्हणतात, लॉक करणं नाही. केबल लॉक अगदी स्वस्त असतं, नळीतून किंवा मॅगझिनच्या जागेतून केबल ओवली की गन लोडच होत नाही, बरीच पोलीस खाती ते फुकट देतात. आकड्यांचा कोड असलेली छोटी लॉकबॉक्स पलंगाला बोल्ट करता येते, शंभर डॉलरच्या आसपास बरी मिळते.

टेक्सासच्या कायद्यातही हे आहे बरं का. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या निष्काळजीपणामुळे भरलेली गन लागली तर तो गुन्हा आहे आणि तशी पाटी प्रत्येक गन दुकानात लावावी लागते. पण हे कलम लागतं मुलाच्या हाती गन पडून गेल्यावर, आधी घरी येऊन कुणी तपासत नाही. मिशिगनची केस मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड गावातल्या हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या मुलाने ४ विद्यार्थी मारले, गन बापाने चारच दिवस आधी आणलेली. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली, शाळेतल्या अशा गोळीबारासाठी आईबापांवर हा गुन्हा सिद्ध व्हायची ही देशातली पहिलीच वेळ. बापाच्या खटल्यात सरकारी वकील बाईंनी ज्युरीसमोर स्वतःच्या हाताने त्या गनला केबल लॉक लावून दाखवलं, काही सेकंदांचं काम होतं.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. यात बरंच काही परिस्थितीवर आहे आणि पहिली परिस्थिती म्हणजे व्हिसा, जी आपले लोक कधीच बघत नाहीत. फेडरल कायद्याप्रमाणे एच-वन-बी, एफ-वन, एल-वन असल्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्या माणसाला गन किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. नुसती खरेदीच नाही, बाळगणंसुद्धा. काही अपवाद आहेत, त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला म्हणजे राज्याचं हंटिंग लायसन्स, आणि ऑफिसमधला कुणीतरी सांगतो की अरे ऑनलाइन लायसन्स काढ आणि घे. कृपा करून ऑफिसातल्या मित्राच्या सल्ल्यावर हे करू नका, इमिग्रेशन वकिलाला विचारा, ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना फेडरल गुन्ह्याचं लफडं परवडणार नाही. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही, दुकानात फॉर्म भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, बऱ्याचदा अर्ध्या तासात माणूस गन घेऊन बाहेर. आपल्याकडे परवान्यासाठी पोलीस चौकशी, वर निवडणूक आली की परवानाधारकांनी बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायच्या, हे मी इथल्या एका सहकाऱ्याला सांगितलं तर त्याला मी थट्टा करतेय असं वाटलं.

दुसरी परिस्थिती म्हणजे तुम्ही कुठे राहता. माझे काही पेशंट लांब रॅंचवर राहतात, रानडुकरं शेत उकरतात, साप निघतात, शेरीफला फोन केला तर यायला पाऊण तास. त्यांना मी गन नको म्हणून सांगायला गेले तर ते मला वेड्यात काढतील आणि बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही गेटेड सबडिव्हिजनमध्ये, पोलीस पाच मिनिटांवर. तिथे गनचा उपयोग काय होणार याचा हिशोब मांडा. रात्री दोनला कुणी घुसलं तर ती कामाला यायची असेल तर भरलेली आणि उशाशी हवी, आणि मुलांपासून सुरक्षित हवी असेल तर रिकामी आणि कुलपात हवी. दोन्हीच्या मधला रस्ता एकच, पलंगाशी बोल्ट केलेली झटकन उघडणारी बॉक्स, आणि दर महिन्या-दोन महिन्याला नेमबाजीच्या रेंजवर जाऊन सराव. मिस्टर हे सगळं करणार असतील तर निदान बोलण्यात अर्थ आहे. नुसती घेऊन कपाटात टाकायची असेल तर त्याने संरक्षण होत नाही, फक्त धोका घरात येतो.

कॅलिफोर्नियात २ कोटी ६० लाखांहून जास्त प्रौढांचा बारा वर्षांचा माग काढून २०२० मध्ये एक अभ्यास आला. ज्या पुरुषांकडे स्वतःची हँडगन होती त्यांचं गोळीने आत्महत्या करण्याचं प्रमाण नसलेल्यांच्या आठ पट होतं. बायकांमध्ये ते पस्तीस पट. इतर मार्गांनी केलेल्या आत्महत्यांमध्ये असा फरक दिसला नाही, म्हणजे गन घेणारे मुळातच जास्त निराश होते असं म्हणून सोडून देता येत नाही.

इथं तुमच्या १४ वर्षांच्या मुलीकडे येते, कारण तुमच्या घरात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते आणि तुम्ही तिचा उल्लेख फक्त ड्रिलपुरता केलाय. नवा देश, नवी शाळा, मैत्रिणी मागे राहिलेल्या, झोप उडालेली. मी काही निदान करत नाहीये, पण हे वय आणि हा काळ नाजूक असतो. ह्यूस्टनमध्ये १३ ते ३४ वयाच्या, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांशी बोलून एक अभ्यास झाला होता, त्यात साधारण चारातल्या एकाने सांगितलं की ठरवल्यापासून करेपर्यंत पाच मिनिटंही गेली नव्हती. पाच मिनिटं! मग त्या पाच मिनिटांत हाताला काय लागतं यावर आयुष्य ठरतं. गोळ्या-औषधं खाल्लेली बहुतेक पोरं वाचतात, दुसऱ्या दिवशी आई शेजारी बसलेली असते, काउन्सेलर येतो, आणि अशा वाचलेल्यांपैकी दहातले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. गन वापरली तर दहातले आठ-नऊ जण जातातच, ती मुलं माझ्या इमर्जन्सीपर्यंत पोचायचीच नाहीत, सरळ मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे शवविच्छेदनाला जायची. आपल्याकडच्यांना हे सांगताना मी नेहमी फवारणीच्या औषधाचं उदाहरण देते. विदर्भ-मराठवाड्यात तो डबा घरात हाताशी असतो म्हणून एका संध्याकाळचं भांडण जिवावर जातं, तो कुलपात असता तर सकाळपर्यंत राग उतरला असता. इथं त्या डब्याच्या जागी गन आहे, आणि ती डब्यापेक्षा कितीतरी जास्त खात्रीने मारते.

म्हणून मिस्टरांना माझं सरळ मत कळवा: घरात १४ वर्षांची मुलगी आहे आणि तिची झोप उडालीय, तोपर्यंत गन आणू नका, व्हिसा कुठलाही असला तरी. तिच्याशी बोला, ड्रिलबद्दल शाळेच्या काउन्सेलरला ईमेल करा, ड्रिल कधी आहे हे आईबापांना आधी कळवायला सांगा, तेवढ्यानेही बऱ्याच मुलांची भीती कमी होते. ती कधी असं काही बोलली की जगावंसं वाटत नाही, तर सरळ शब्दांत विचारा, मनात स्वतःला संपवायचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, हा जुना गैरसमज आहे. ९८८ हा अशा वेळी मदत मागायचा नंबर फोनला किंवा मेसेजला दिवसरात्र चालतो, तिच्या आणि तुमच्या दोघींच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

राहिला तुमचा शेवटचा, चिडून विचारलेला प्रश्न. कायदा का होत नाही. एक तर कायदे होतात, पण राज्यागणिक वेगळे. दुसरं, १७९१ ची शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती, आणि २००८ च्या हेलर निकालात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की घरात संरक्षणासाठी गन ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. २०२२ च्या ब्रूएन निकालात आणखी पुढे गेले, की गनवरचं कुठलंही बंधन या देशाच्या जुन्या परंपरेत बसायला हवं. त्यामुळे आता खालच्या कोर्टात वकील आणि न्यायाधीश अठराव्या शतकातले नियम शोधत बसतात, २०२४ मध्ये रहीमी केसमध्ये कोर्टाने ८ विरुद्ध १ ने घरगुती हिंसाचाराच्या आदेशाखाली असलेल्यांकडची गन काढून घेता येते म्हटलं तेव्हा आम्ही डॉक्टर लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

तिसरं कारण सिनेट. सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात डिसेंबर २०१२ मध्ये पहिलीतली २० पोरं आणि ६ मोठी माणसं मेली, चारच महिन्यांत खासगी विक्रीवरही बॅकग्राउंड चेक लावायचा प्रस्ताव आला. बाजूने ५४, विरुद्ध ४६. तरी पडला, कारण सिनेटमध्ये असा प्रस्ताव पुढे न्यायला ६० मतं लागतात. लोकांना विचारलं तर बहुसंख्य, त्यात गन बाळगणारेसुद्धा, बॅकग्राउंड चेकच्या बाजूचे आहेत. पण बाजूने असणारा माणूस मत देताना टॅक्स बघतो, शाळा बघतो, महागाई बघतो, आणि विरोधातला माणूस फक्त गनच बघून मत देतो, आणि खासदाराला कुणाची भीती वाटणार हे उघड आहे. युवाल्डीनंतर जून २०२२ मध्ये एक कायदा दोन्ही पक्षांनी मिळून केला, २१ खालच्या खरेदीदारांची जास्त कसून चौकशी, राज्यांना पैसे वगैरे, जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा. तरी आजही फेडरल कायद्याने परवानाधारक दुकानदारालाच चेक करावा लागतो, एका माणसाने दुसऱ्याला खासगीत विकली तर नाही, आणि टेक्सासनेही त्यावर वेगळं बंधन घातलेलं नाही. सप्टेंबर २०२१ पासून तर इथं बहुतेकांना परवाना न काढता हँडगन घेऊन फिरता येतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर असॉल्ट रायफल्सवरच्या बंदीसाठी जेवढी शक्ती खर्च होते त्यातली निम्मी जरी हँडगन, सेफ स्टोरेज आणि परवाना-पद्धत यांवर लागली असती तर जास्त जीव वाचले असते. १९९४ ते २००४ ती बंदी होती, पण ज्या गनने रोज माणसं मरतात ती त्या यादीत नव्हतीच. युवाल्डीच्या आईबापांसमोर उभं राहून हे बोलायची माझी हिंमत नाही, त्यांच्या मुलांना त्याच रायफलने मारलं आणि मारणाऱ्या पोराने ती १८ वर्षांचा झाल्या झाल्या कायदेशीर विकत घेतली होती, तेव्हा वयाची अट २१ करा ही त्यांची मागणी अगदी रास्त आहे. फ्लोरिडाने पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात गेलेल्या १७ मृत्यूंनंतर २०१८ मध्ये तेच केलं, आणि सोबत रेड फ्लॅग कायदा आणला, म्हणजे माणूस धोकादायक वाटत असेल तर कोर्टाच्या आदेशाने काही काळ गन काढून घ्यायची. सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन होते. टेक्सासने उलट २०२५ मध्ये असे आदेश इथं चालणार नाहीत असा कायदा केला. मला हे पटत नाही, कारण मुलाच्या खोलीत चिठ्ठी सापडलेली आई जेव्हा मला विचारते की माझा नवरा गन बाहेर ठेवायला तयार नाही, मी काय करू, तेव्हा माझ्याकडे तिला द्यायला फक्त विनवण्या असतात.

आणि डॉक्टरांनी हे विचारावं की नाही यावरही इथं भांडण झालंय. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांना पेशंटकडे गनची चौकशी करण्यावर बंधनं घालणारा कायदा केला होता, २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यातला मुख्य भाग रद्द केला. २०१८ मध्ये एनआरएने, म्हणजे गनवाल्यांच्या बड्या संघटनेने, डॉक्टरांना तुमच्या कामाशी काम ठेवा असं सुनावलं तेव्हा देशभरच्या सर्जन लोकांनी रक्ताने माखलेल्या स्क्रब्सचे फोटो टाकले होते. माझ्या क्लिनिकमध्ये मी कार सीट, हेल्मेट, पूल आणि गन एकाच दमात विचारते. बहुतेक बाप नीट उत्तर देतात, शिकारीला जाणारे तर सगळ्यात काटेकोर असतात, भीती मला नुकतीच पहिली गन घेतलेल्यांची वाटते.

या आठवड्यात एवढं करा: शेजाऱ्याला फोन, ॲलर्जीपासून सुरुवात करून. मुलाला सांगा की कुठेही गन दिसली तर हात न लावता तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, पण त्या सांगण्यावर विसंबू नका. मुलीच्या काउन्सेलरला ईमेल. आणि गाडीने जाता तेव्हा रस्त्यावर कुणी गाडी आडवी घातली तर हॉर्न वाजवून भांडायला जाऊ नका, इथं समोरच्याच्या सीटखाली काय आहे सांगता येत नाही, हे मिस्टरांना खास सांगा, पुण्याची सवय असेल तर जरा वेळ लागतो.

मिस्टरांचा व्हिसा कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मुलगी झोपत नाही हे नेमकं कधीपासून, ड्रिलच्या रात्रीच की रोज? दोन्ही लिहा, त्यावर पुढचं सांगते.